कापण्याआधी दगडाला नाव विचारा

दगड म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काळाच दगड येतो. रायगडाचा कडा काळा, घरातला पाटा-वरवंटा काळा, बांधावरचा धोंडाही काळाच. खडकीला सॅपर म्हणून भरती झालो तेव्हा पहिली गैंती मारली तीही याच दगडावर. शाळेच्या भूगोलात एक वाक्य असतं: महाराष्ट्र ज्वालामुखीच्या लाव्हारसातून बनला. ते वाक्य खरं आहे. पण ज्वालामुखी म्हणजे सह्याद्री आणि सह्याद्री म्हणजे ज्वालामुखी, एवढ्यावरच आपण थांबतो. महाराष्ट्राच्या पार पूर्वेच्या टोकाला दुसऱ्याच ज्वालामुखीचा दगड आहे. तो लालसर आहे, सह्याद्रीहून कितीतरी जुना आहे, आणि आता तो कापला जाणार आहे. कापायला माझी हरकत नाही. सॅपरची हरकत असेल तरी कशी? पण कापण्याआधी त्याचं नाव माहीत करून घ्यावं, एवढंच माझं म्हणणं आहे. या नावात मजुरांच्या फुफ्फुसांचा प्रश्नही गुंतलेला आहे. तो कसा, ते पुढे सांगतो.

सध्या पोस्टिंग रायपूरला. मराठी माणसाला हे शहर फार परकं वाटत नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे होता, त्यांचे बिंबाजी भोसले रतनपूरला राहून छत्तीसगडचा कारभार बघत. रायपुरात आजही तात्यापारा नावाचा भाग आहे आणि महाराष्ट्र मंडळही आहे. पण जमीन मात्र आपली नाही. रायपूरच्या पायाखाली चुनखडक आहे. फार पूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी साचलेला हा थर. आजूबाजूचे सिमेंटचे कारखाने त्याच्यावरच चालतात. जुन्या घरांतली फरशीसुद्धा याच थरांतून निघालेली. रायपूरहून गरियाबंदकडे गेलं तर मैनपूरच्या जंगलात ज्वालामुखीच्या नळ्या आहेत. पायलीखंड आणि बेहराडीह ही त्या गावांची नावं. तिथे हिरे आहेत, म्हणून ही नावं सरकारी फायलींत नीट लिहिलेली असतात आणि वर्तमानपत्रांतही येतात. ज्या दगडाला भाव आहे त्याला आपण बरोबर नावाने हाक मारतो. बाकीचा सगळा दगड म्हणजे गिट्टी.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही दोघं पश्चिमेकडे निघालो. मी आणि आमचे सांगलीचे हवालदार. सकाळची गाडी, डब्यात पोहे, थर्मासमध्ये चहा. दुर्ग, राजनांदगाव करत सुमारे शंभर किलोमीटरवर डोंगरगड येतं. डब्यातले बहुतेक लोक तिथे उतरले. बम्लेश्वरी देवीचं दर्शन, हजारावर पायऱ्या, नाहीतर रोपवे. देवीचा डोंगर ग्रॅनाइटचा आहे. म्हणजे वितळलेला खडक जमिनीच्या वर न येता पोटातच सावकाश थंड झाला आणि वरची माती-दगड झिजून गेल्यावर उघडा पडला. भूशास्त्राच्या पुस्तकांत या सगळ्या खडकांच्या गटाला डोंगरगडचंच नाव आहे. पायऱ्या चढणाऱ्या लाखो लोकांना ते सांगणारी एखादी पाटी तिथे असती, तर देवीचं माहात्म्य काही कमी झालं नसतं.

आम्ही मात्र पुढे गेलो. डोंगरगडनंतर गाडी चढाला लागते. पनियाजोब, बोरतलाव, आणि मग राज्याची हद्द ओलांडून दर्रेकसा. हे स्टेशन गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात येतं. स्टेशनची पाटी मराठीत दिसली तसे हवालदार म्हणाले, "साहेब, सुट्टी न घेता महाराष्ट्रात आलो की!"

दर्रेकसाच्या आसपास जंगल दाट आहे. खडक झाडोऱ्यात लपलेला असतो. तो बघायचा तर नाल्यात उतरायचं किंवा रस्त्याच्या कडेला जिथे डोंगर कापलाय तिथे उभं राहायचं. हाजरा धबधब्याच्या बाजूला पाणी तेव्हा बारीक झालं होतं, त्यामुळे नाल्यातला दगड मोकळा होता. लालसर-करडा, कुठे विटकरी. हातात घेतला की अंगात फिकट गुलाबी दाणे दिसतात, जसा चिवड्यात शेंगदाणा. हवालदारांनी दोन दगड एकमेकांवर आपटले. काळ्या दगडाचा आवाज जड येतो, याचा काचेसारखा कडक आला. "पाट्याला नाही चालणार, टाकी लावताना टवका उडेल," हा त्यांचा निकाल. पाथरवटाच्या शेजारी बालपण गेलेल्या माणसाचं मत आहे, मी मान्य केलं.

या दगडाला रायोलाइट म्हणतात. इथल्या रायोलाइटला भूशास्त्रज्ञ 'बिजली रायोलाइट' म्हणतात, बिजली या गावावरून. वय सुमारे 250 कोटी वर्षं. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे रायगडाचा कडा तयार झाला तेव्हा सालेकशाचा हा दगड आजच्याइतकाच म्हातारा होता म्हटलं तरी चालेल.

दोघंही ज्वालामुखीचेच, पण स्वभाव वेगळा. बेसॉल्टचा लाव्हा पातळ, काकवीसारखा. भेगेतून बाहेर आला की दूरवर पसरायचा, थंड व्हायचा, मग त्याच्यावर दुसरा थर. म्हणून सह्याद्रीला पायऱ्या आहेत: खाली उभा कडा, वर सपाट माची, पुन्हा कडा. आपल्या किल्ल्यांना अर्धी तटबंदी या थरांनीच आयती दिली. रायोलाइटचा लाव्हा म्हणजे गोळीबंद पाक. तो सहज वाहत नाही. आतला वायू कोंडतो आणि मग स्फोट होतो. राख, दगडांचे तुकडे, जळता धुरळा उंच उडून खाली बसतो. हा फरक सिलिकेमुळे. बेसॉल्टमध्ये सिलिका निम्म्याच्या आसपास असते, रायोलाइटमध्ये शंभरात सत्तरच्या वर. हा सत्तरचा आकडा लक्षात ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

आता थोडं वाळवंटात जाऊ, कारण या दगडाशी माझी ओळख तिथे झाली. आधीचं एक पोस्टिंग जोधपूरला होतं. 1459 साली राव जोधाने जिथे मेहरानगड बांधायला घेतला तो डोंगर रायोलाइटचाच. तो मालानी नावाच्या ज्वालामुखी पट्ट्यातला आहे. वय सुमारे 75 कोटी वर्षं, आणि पसारा काही जिल्ह्यांएवढा. वाळवंटाची एक सोय असते, तिथे दगडाला लपायला जागा नाही. बायको-मुलांना घेऊन एका रविवारी किल्ल्याच्या पायथ्याशी दिवसभर हिंडलो तेव्हा मुलांना सगळं उघड्या डोळ्यांनी बघता आलं. गरम राख खाली बसली, स्वतःच्या उष्णतेने आणि वजनाने एकमेकांना चिकटली आणि तिचा दगड झाला. त्या राखेच्या दगडाला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केलेलं आहे. या जुन्या ज्वालामुखीवर नंतरचा जोधपुरी वाळूचा दगड जिथे येऊन टेकतो, त्या सांध्यालाही तोच मान आहे. बोट ठेवलं की बोटाखाली कोट्यवधी वर्षांची फट.

किल्ल्याला लागूनच राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. 2006मध्ये मेहरानगडच्या ट्रस्टने तिथल्या सुमारे सत्तर हेक्टर पडीक जागेवर काम सुरू केलं. प्रदीप कृष्ण यांच्या देखरेखीखाली ते झालं आणि 2011मध्ये पार्क लोकांसाठी खुलं झालं. आधी तिथे सगळी वेडी बाभूळ माजलेली होती. ती वरून तोडली की पुन्हा फुटते, मूळच काढावं लागतं, आणि मूळ तर दगडाच्या फटीत. मग खंडवालियांना बोलावलं. खंडवालिया म्हणजे जोधपूरचे पिढीजात खाणकामगार. ते दगडावर हातोडीने टकटक करून आवाजावरून भेग कुठे आणि कशी गेली आहे ते सांगतात. मुळं त्यांनी काढली, त्याच खड्ड्यांत वाळवंटाची आपली मूळची झाडं लावली. आज लोक तिकीट काढून तो दगड बघायला जातात. शहराबाहेरचा एक उकिरडा दगडाचं नाव सांगता आल्यामुळे शहराची शान बनला.

आणि त्याच जोधपूरच्या आसपास वाळूच्या दगडाच्या खाणींत काम करणारी माणसं खोकत खोकत मरतात, हेही मी बघितलं आहे. सिलिकोसिस. दगड फोडताना उडणारी सिलिकेची बारीक धूळ फुफ्फुसात बसते आणि परत निघत नाही. औषधाने बरा होणारा हा आजार नाही. राजस्थान सरकारला 2019मध्ये त्यासाठी वेगळं धोरण आणावं लागलं, तपासणी, मदत आणि पुनर्वसन अशा सगळ्या गोष्टींचं. अनेक गावांत तोवर विधवांची संख्या वाढून गेली होती.

आता तो सत्तरचा आकडा काढा. ऑक्टोबर 2025मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया ते डोंगरगड या 84 किलोमीटरच्या चौथ्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. मार्ग हवाच. मुंबई-हावडा लाइन आहे, मालगाड्यांची रीघ कधी तुटत नाही, आमच्या पॅसेंजरला त्या दिवशी दोनदा बाजूला थांबवलं. पण हा मार्ग दर्रेकसाच्या डोंगरातूनच जाणार, आणि तो डोंगर रायोलाइटचा आहे. ड्रिल लागणार, सुरुंग लागणार, क्रशर लागणार. या कामावर येणारे मुकादम आणि मजूर कदाचित पुण्या-नाशिककडे काळा दगड फोडून आलेले असतील. काळ्या दगडाची धूळही वाईटच, पण त्यात मोकळी सिलिका, म्हणजे क्वार्ट्‌झ, जवळजवळ नसतो. रायोलाइटमध्ये तो भरपूर असतो. दोन्हीकडे धूळ दिसायला सारखीच, करडी. काळ्या दगडाच्या सवयीने तोंडाला नुसता गमछा बांधून इथे कुणी वर्षभर ड्रिल चालवलं, तर त्याचा हिशोब दहा-पंधरा वर्षांनी होईल, तेव्हा ठेकेदाराचं नावही कुणाच्या लक्षात नसेल.

आम्हा सॅपरांना हे आधी शिकवतात: ड्रिल लावण्यापूर्वी दगड ओळखा. ते बिटसाठी असतं, सुरुंगाच्या हिशोबासाठी असतं, आणि माणसासाठीही असतं. कडक, सिलिकेच्या दगडात ड्रिल पाणी सोडूनच चालवायचं, म्हणजे धूळ उडण्याऐवजी गाळ होतो. नाकावर घट्ट बसणारा मास्क हवा, रुमाल नाही. क्रशरवर पाण्याचा फवारा हवा. यातलं काहीच महाग नाही. फक्त आपण कोणता दगड फोडतोय ते माहीत हवं.

कुणी म्हणेल, या जंगलात आधी पोट भरू द्या, मग दगडाची नावं सांगा. हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या तीन राज्यांच्या तिठ्यावरचा हा मुलूख वर्षानुवर्षं नक्षलवाद्यांच्या सावटाखाली होता. दर्रेकसा हे नाव वर्तमानपत्रांत यायचं ते बहुधा 'दर्रेकसा दलम' म्हणूनच. 2023च्या फेब्रुवारीत बोरतलावजवळ छत्तीसगड पोलिसांचे दोन जवान नक्षलवाद्यांच्या गोळीबारात शहीद झाले. ज्या स्टेशनवरून आमची गाडी आरामात पुढे गेली, तिथली ही गोष्ट. या भागातली लढाई आमच्या फौजेने लढलेली नाही. ती महाराष्ट्राच्या सी-60ने, छत्तीसगड पोलिसांनी, सीआरपीएफने, आयटीबीपीने लढली. त्याचं श्रेय त्यांचं. रविवारी दोन माणसं हातात थर्मास घेऊन नाल्यात उतरू शकतात, यामागे त्यांची किती वर्षं गेली ते वर्दीवाल्याला वेगळं सांगायला नको.

पण शांततेनंतर काय येतं तेही आम्ही बऱ्याच पोस्टिंगांवर बघितलंय. आधी सडक येते, टॉवर येतो, शाळेला मास्तर येतो. हे सगळं चांगलंच. त्यांच्याच मागून क्रशर येतो, आणि जिथे कुणाला काही माहीत नसतं तिथे तो हवा तसा चालतो. भीतीमुळे या डोंगरांत इतकी वर्षं कुणी फिरकलं नाही. आता मधला थोडा काळ हाताशी आहे. लोक निर्धास्त येऊ लागलेत आणि यंत्रं अजून पुरती आलेली नाहीत. करायचं ते आत्ताच करायला हवं.

आणि पोटाचं म्हणाल तर त्या भागातल्या माणसाने दगडाला नाव कधीच दिलेलं आहे. दर्रेकशाजवळ कचारगड आहे. गोंड समाजाचं हे मोठं श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून लोक येतात. त्यांची कथा अशी की कली कंकाली मातेची मुलं इथल्या गुहेत कोंडली गेली होती, तोंडावर मोठी शिळा. पारी कुपार लिंगोने त्यांना सोडवायचं ठरवलं. हीरासुका पाटारीने वाद्य वाजवलं, त्या सुरांनी शिळा सरकली, मुलं बाहेर आली आणि तिथून गोंडांची कुळं सुरू झाली. हीरासुका मात्र त्या शिळेखाली गेला. एका अख्ख्या समाजाचा उगम या दगडातून सांगितला जातो. तिथे आपण बाहेरून जाऊन 'अविकसित डोंगराळ भाग' असा शेरा मारावा, हे काही बरोबर नाही. उद्या इथे पाटी लागली तर आधी ही कथा असावी, मग 250 कोटी वर्षांचा हिशोब. आणि दोन्ही सांगायला तिथलीच मुलं असावीत. जोधपूरला खंडवालिये होते, इथेही दगडाची जाण असलेली माणसं आहेत. गाइडचं मानधन घरी नेणारा मुलगा क्रशरवर जाणाऱ्या मुलापेक्षा जास्त वर्षं कमावेल.

सरकारकडून माझी अपेक्षा फार नाही. राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकांच्या यादीत महाराष्ट्रातून लोणार आहे, छत्तीसगडमधून मनेंद्रगडचे समुद्री जीवाश्म आहेत. मात्र नुसती यादी म्हणजे संरक्षण नव्हे. खाण मंत्रालयाने भूवारसा जपण्याच्या कायद्याचा मसुदा डिसेंबर 2022मध्ये लोकांपुढे ठेवला होता. पण मसुद्याने डोंगर वाचत नाही. तोवर साध्या तीन गोष्टी होऊ शकतात.

पहिली: चौथ्या मार्गासाठी जिथे डोंगर कापतील, तिथे एक कापलेली भिंत उघडी ठेवा. रुळांपासून सुरक्षित अंतरावरची, पन्नास-शंभर फुटांची. बाकी सगळीकडे दगड सुटू नये म्हणून सिमेंट फवारा, जाळी लावा, जे नियमात असेल ते करा. जगभरात भूशास्त्र रेल्वेच्या कापांतच शिकलं गेलं आहे, कारण डोंगराचं पोट एरवी कोण फाडून दाखवणार? म्हणून मी म्हणतो, काम थांबवू नका. उलट या कामातूनच महाराष्ट्राचा सर्वात जुन्या ज्वालामुखींपैकी एक लोकांना बघायला मिळेल.

दुसरी: दर्रेकसा स्टेशनवर एक पाटी. मराठीत, हिंदीत आणि गोंडीत.

तिसरी: ठेक्याच्या कागदात दगडाचं नाव आणि त्यासोबत ओलं ड्रिल, मास्क आणि मजुरांची छातीची तपासणी. कामाच्या सुरुवातीला एकदा, मग ठरावीक मुदतीने. ही अट नसेल तर पहिल्या दोन मागण्या मला नकोत. दगड जपला आणि माणूस गेला, असा वारसा काय कामाचा?

माजी सैनिक मित्रांना एक विनंती. गोंदिया-भंडाऱ्याकडे आपले पुष्कळ जण आहेत. मॅप रीडिंग, रेकी, ग्राउंड वाचणं यांत आपलं आयुष्य गेलं. आडोसा कुठे, चढ किती, खंदक कुठे खणता येईल, हे आपण डोळे मिटून सांगतो. तीच नजर आता गावच्या जमिनीला द्या. काम सुरू झालं की साइटवर एक चक्कर मारा. ड्रिलला पाणी सोडलंय का बघा. नसेल तर मुकादमाला समजावून सांगा, तो आपल्यासारख्याचं ऐकतो, विशेषतः आधी चहा मागवला तर. तरीही नाही ऐकलं तर रेल्वेच्या नागपूर विभागाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहा, फोटोसह. आणि शाळेची सहल निघेल तेव्हा नुसती धबधब्यावर जाऊ देऊ नका. मुलांच्या हातात तो लालसर दगड द्या आणि सांगा, बाळांनो, हाही महाराष्ट्रच.

जय हिंद.